पुण्यावर प्रबंध करताय? जनगणना घ्यावी की एनएफएचएस?

एमएच्या सिनॉप्सिसमध्ये ‘माहितीचे स्रोत’ या मथळ्याखाली हमखास एक लांबलचक ओळ असते: जनगणना, एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), एसआरएस (जन्म-मृत्यू दरांसाठीची नमुना नोंदणी), जन्म-मृत्यू नोंदणी, पीएलएफएस (रोजगाराचं सर्वेक्षण). सगळंच वापरणार म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही, हे गाईडला पहिल्या वाचनात कळतं. पुण्यातलं स्थलांतर, कुटुंबाचा आकार किंवा बायका-मुलांचं आरोग्य यांपैकी काहीतरी घेऊन वर्षभरात प्रबंध संपवायचा असेल, तर खरी निवड जनगणना आणि एनएफएचएस या दोघांतच आहे.

जनगणनेचं बळ म्हणजे ती सगळ्यांना मोजते. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती, २००१ मध्ये ७२,३२,५५५. दहा वर्षांत ३० टक्क्यांची वाढ. एवढी वाढ नुसत्या पाळण्यांनी होत नाही, माणसं बाहेरून आली. ती कुठून आली, किती वर्षांपूर्वी आली, कशासाठी आली हे जनगणनेच्या ‘डी’ मालिकेतल्या तक्त्यांत मिळतं. तक्ते फुकट उतरवून घेता येतात आणि एक्सेल येत असेल तर काम होतं. त्यातलं ‘कारण’ वाचताना मात्र थांबून वाचा. देशभरात स्थलांतराचं सर्वात मोठं कारण नोकरी नाही, लग्न आहे. बायका आणि पुरुष वेगळे न काढता ‘लोक रोजगारासाठी पुण्यात येतात’ असं लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येणार.

अडचण आकड्यांच्या वयाची. लोकसंख्येचा तो आकडा १ मार्च २०११ चा आहे, आणि स्थलांतराचे तक्ते बाहेर यायला २०१९ उजाडलं. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मधल्या काळात पुण्याची हद्दही बदलली. महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, त्यात वाघोलीसुद्धा. २०११ च्या तक्त्यातलं ‘पुणे महापालिका’, म्हणजे ३१,२४,४५८ माणसं, आणि आजचं पुणे ही एक जागा नाही. पिंपरी-चिंचवड तर पहिल्यापासूनच वेगळी महापालिका. कोणत्या हद्दीबद्दल बोलताय ते पहिल्या प्रकरणातच लिहून टाका.

एनएफएचएसचं उलट आहे. ते कमी लोकांना भेटतं, पण घरात बसून बोलतं. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. पाचव्या फेरीत देशभरातली ६,३६,६९९ कुटुंबं, १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ स्त्रिया आणि १५ ते ५४ वयाचे १,०१,८३९ पुरुष होते. लग्नाचं वय, मुलं, गर्भनिरोधन, रक्तक्षय, बाळाचं वजन-उंची, रक्तदाब असं जे जनगणनेत सापडणार नाही ते इथे माणसागणिक मिळतं. महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्येच उरकलं होतं. त्यामुळे कोविडचा गोंधळ आपल्या आकड्यांत नाही, हा मोठा फायदा.

आता जरा भागाकार करू. ६,३६,६९९ कुटुंबं, ७०७ जिल्हे: एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरं. त्यातून पाच वर्षांखालची मुलं असलेल्या आया काढा, मग शहरी, मग गेल्या पाच वर्षांत पुण्यात आलेल्या. हाती उरतील त्या बोटांवर नाही तरी वहीच्या एका पानावर मावतील. एनएफएचएसच्या जिल्हा फॅक्ट शीटमध्ये (जिल्ह्याच्या मुख्य आकड्यांच्या पत्रकात) काही आकडे कंसात असतात आणि काहींच्या जागी फुली असते, ते उगाच नाही. कंस म्हणजे २५ ते ४९ जणांवरून काढलेली टक्केवारी. फुली म्हणजे पंचविसाहूनही कमी, म्हणून आकडाच दिलेला नाही. कंसातला आकडा कंसाशिवाय उतरवणारे महाभाग दरवर्षी भेटतात. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न ठरावीक घरांतच विचारलेले असतात, ते राज्यासाठी पुरतात, जिल्ह्यासाठी नाही. जिल्ह्याचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी किती मुलं होतात तो आकडाही फॅक्ट शीटमध्ये नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पाचव्या फेरीसाठी गावं आणि शहरातले भाग निवडले गेले ते २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून. म्हणजे २०११ नंतर ज्या भागात टॉवर उगवले, तिथल्या वाढीचं वजन नमुन्यात नीट येत नाही. ‘जनगणना जुनी म्हणून एनएफएचएस घेतलं’ हे कारण त्यामुळे अर्धंच खरं.

पण या सगळ्याच स्रोतांचा कस लागतो तो बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कोथरूडमध्येही टिकून आहे आणि भोसरीतही. कोथरूडची सून साताऱ्याला बाळंत होते, तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत येते. जन्म-मृत्यू नोंदणी घटना घडते तिथे होते, म्हणून या बाळाची नोंद साताऱ्याला. इकडे सोलापूर-नगरकडच्या बायका पुण्याच्या दवाखान्यांत येतात, त्यांची बाळं पुण्याच्या खात्यावर. तेव्हा महापालिकेत नोंदलेले जन्म भागिले शहराची लोकसंख्या हा जन्मदर होत नाही. नोंदणीच्या फॉर्मवर आईचं राहतं ठिकाण असतं. त्यानुसार केलेली फोड हाती आली तरच हे आकडे घ्या.

तेच बाळ जनगणनेत स्थलांतरित ठरतं. ‘जन्मानंतर स्थलांतर’ असा वेगळा रकानाच आहे, आणि त्यात पाळण्यातून आलेली अशी मंडळी भरपूर असतात. त्यांना वगळल्याशिवाय पुण्यात ‘येणाऱ्यांचा’ आकडा सांगू नका. एनएफएचएसमध्ये आणखी वेगळी तऱ्हा: आदल्या रात्री जी स्त्री त्या घरात झोपली होती, तिचीच मुलाखत होते. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी माहेरच्या जिल्ह्यात मोजली जाते. त्या घरात ती पाहुणी आहे की कायमची राहणारी, हे डेटात नोंदलेलं असतं. पुण्यातल्या सेवांबद्दल लिहायचं असेल तर तो रकाना लावून पाहुण्या बाजूला काढा.

बाकीच्यांचं थोडक्यात. एसआरएस राज्यासाठी उत्तम, जिल्ह्यासाठी नाही. महाराष्ट्राचा प्रजनन दर एसआरएस २०२० मध्ये १.५ आणि एनएफएचएस-५ मध्ये १.७ दिसतो, म्हणून घाबरू नका. पहिला एका वर्षाचा आहे, दुसरा सर्वेक्षणाआधीच्या तीन वर्षांचा. पीएलएफएसच्या २०२०-२१ च्या फेरीत स्थलांतराचे प्रश्न होते: देशात पुरुषांमध्ये १०.७ टक्के आणि स्त्रियांमध्ये ४७.९ टक्के स्थलांतरित. पण तो काळ कोविडचा होता, आणि जिल्ह्यापर्यंत तो नमुना ताणला तर फाटतो. मुलं परदेशी आणि आई-वडील एकटे, हा खास पुणेरी विषय घ्यायचा असेल तर ४५ च्या पुढच्या वयाचं लासी सर्वेक्षण बघा; तेही राज्यापुरतंच.

स्थलांतर आणि आरोग्य एकाच माणसात हवं असेल, म्हणजे आलेल्या कामगाराच्या बायकोची तपासणी चुकते का, असा प्रश्न असेल, तर जनगणना आणि एनएफएचएस दोन्ही तोकडे पडतात. त्यासाठी जिल्ह्यातच एक गोष्ट आहे जी पुण्याच्या मुलांना पुण्यात राहून ठाऊक नसते. केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या वढू परिसरात २२ गावांची लोकसंख्या सतत नोंदत आलंय. जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं, सगळं. नगर रस्त्यावरच्या कारखान्यांमुळे तिथे येणं-जाणं भरपूर. पण ती २२ गावं म्हणजे पुणे जिल्हा नव्हे, आणि डेटा वेबसाइटवरून उतरवून घेण्यासारखा नाही. संस्थेशी बोलणं, नीतिसमितीची मान्यता, वेळ हे सगळं लागतं. पीएचडीसाठी जरूर, एमएच्या वर्षभरात नको.

माझं मत विचाराल तर असं. विषय आलेल्या माणसांचा असेल, तर जनगणना घ्या आणि शीर्षकातच २०११ लिहा. २००१ शी तुलना केलीत तर प्रबंध जुना वाटणार नाही, ऐतिहासिक वाटेल. जुने खंड चाळायचे असतील तर गोखले संस्थेचं ग्रंथालय डेक्कनवरच आहे. विषय आई, मूल, लग्न, गर्भनिरोधन यांचा असेल, तर एनएफएचएस, पण पुणे जिल्हा एकटा नको. पश्चिम महाराष्ट्रातले पाच जिल्हे एकत्र घ्या किंवा अख्खा महाराष्ट्र घेऊन पुण्याला त्यात ठेवा, म्हणजे नमुना पुरेल. वेट लावायला (म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येक उत्तराला योग्य वजन द्यायला) स्टाटा किंवा आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल, त्याचा महिना आधीच धरा. मायक्रोडेटाचा, म्हणजे माणसागणिक उत्तरांच्या फाइलींचा, अर्जही सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न बघता करा. २०२५ मध्ये अमेरिकेचा निधी थांबला तेव्हा डीएचएस कार्यक्रमाकडच्या (एनएफएचएसच्या या फाइली तिथून मिळतात) नव्या मागण्या अडकून पडल्या होत्या, आणि तुमची सबमिशनची तारीख विद्यापीठ काही पुढे ढकलत नाही.