पायलट म्हणून विकलेली जनता

सांगलीत अलीकडेच एक काळ्या डायलचं एचएमटी पायलट घड्याळ साडेचार हजारांना विकलं गेलं. ‘दुकानातला जुना स्टॉक, कुणी वापरलेलं नाही.’ विकणाऱ्याने मागचं झाकण स्वतःहून उघडून दाखवलं. आत ०२३१ नंबरचं मशीन, सतरा ज्वेल (झीज कमी करणारे खडे). घेणारा खूश. पण ०२३१ एचएमटीच्याच साध्या ‘जनता’ मॉडेलमध्येही असतं आणि पायलटमध्येही, त्यामुळे मशीन अस्सल निघालं म्हणून घड्याळ पायलट ठरत नाही. ते ठरतं डायलवर, आणि डायलची मागची बाजू झाकण उघडून दिसत नाही.

गणपती पेठेतल्या एका कारागिराने त्याच घड्याळाचे काटे काढले, मशीनच्या कडेचे दोन स्क्रू ढिले केले आणि डायल उचलली. मागे बारीक भोकांच्या जोड्या, पुट्टी भरून बुजवलेल्या. धातूच्या खुणा बसवायची ती भोकं. पायलटचे आकडे छापलेले असतात, त्याला भोकं कशाला लागतील? साध्या जनताची डायल घासून, काळी रंगवून वर ‘पायलट’ छापलं होतं. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला, तेव्हापासून असला माल फार फिरतोय.

डायल न काढताही बरंच कळतं. दहापट भिंग लावा. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा बारा आणि सहाच्या आकड्याशी सरळ येत नाहीत, काट्यांच्या भोकाभोवती रंग साचलेला असतो. अंधारात चमकणारा मसाला चाळीस वर्षांत जवळपास मरतो आणि पिवळट होतो. तो लख्ख हिरवा चमकत असेल, किंवा काट्यांवरचा एका रंगाचा आणि आकड्यांवरचा दुसऱ्या रंगाचा असेल, तर हात आखडता घ्या.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, पुरात भिजलेली घड्याळं. २०१९ ला कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं होतं. पाणी क्राऊनमधून, म्हणजे चावी द्यायच्या गुंडीतून आत जातं, म्हणून गंज आधी स्टेमवर (गुंडीच्या दांडीवर) आणि डायलखालच्या चावीच्या भागांवर धरतो. मशीनवरच्या धातूच्या पट्ट्या पुसून चकचकीत करता येतात, खालचे भाग कुणी बघत नाही. चावी देताना करकर लागली किंवा क्राऊन ओढून काटे फिरवताना ते अडखळले, तर स्टेम काढून दाखवायला सांगा. हेअरस्प्रिंगवर (केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) तपकिरी ठिपका असेल तर ते घड्याळ फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्यावं.

चालवून बघायचं तर पूर्ण चावी द्या. सर्व्हिस झालेलं घड्याळ छत्तीस तास सहज काढतं. नुसतं आडवं ठेवून भागत नाही, क्राऊन खाली करून उभंही ठेवा. फोनवरच्या टाइमिंग ॲपमध्ये (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या) ठोके ताशी १८,००० धरायचे.

लांबून मागवत असाल तर ‘डायल रंगवलेली निघाल्यास पैसे परत’ एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मगच यूपीआय करा. या एका वाक्यावर बरेच विक्रेते गप्प होतात. पैसे गेले आणि माणसाने फोन उचलणं बंद केलं, तर कुरियरची वाट बघत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तरच ती अडवता येण्याची आशा असते.