पक्ष्यांचे आवाज टिपण्यासाठी पॅराबोलिक डिश की शॉटगन माइक?

सह्याद्रीतल्या जंगलात पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्यापुढे डिश (मध्ये माइक बसवलेली वाटीसारखी खोलगट तबकडी) घ्यावी की शॉटगन माइक (समोरच्या दिशेला रोखायचा लांब नळीसारखा माइक), हा प्रश्न लवकरच येतो. त्याचे उत्तर किमतीत शोधण्यापेक्षा ज्या पक्ष्याची आपल्याला ओढ आहे त्याच्या स्वरात शोधावे, असे माझे मत आहे.

पक्ष्यांचे स्वरयंत्र आपल्यासारखे घशात नसते. श्वासनलिका जिथे दुभंगून दोन्ही फुप्फुसांकडे वळते तिथे, खोल छातीत ते असते, आणि अनेक गायक पक्षी त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वापरू शकतात. दाट झाडीत उंच स्वर पानाखोडांवर आपटून विखुरतात व जलद स्वर प्रतिध्वनीत मिसळतात, त्यामुळे तिथल्या बऱ्याच पक्ष्यांची गाणी संथ आणि शीळवजा असतात. उपकरण निवडताना ही स्वरांची पट्टीच निर्णायक ठरते.

डिश समोरून येणारा ध्वनी परावर्तित करून मधल्या माइकवर गोळा करते, मात्र त्यासाठी ध्वनीची तरंगलांबी डिशच्या व्यासापेक्षा कमी असावी लागते. २००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १७ सेंमी असते, तर ५०० हर्ट्झच्या स्वराची सुमारे ६९ सेंमी. म्हणूनच ५५ सेंमीची डिश दयाळाची तान दुरूनही स्वच्छ उचलते, पण भारद्वाजाच्या घुमणाऱ्या ‘कूप-कूप’ला तिचा फारसा उपयोग होत नाही. शॉटगन माइक आवाज गोळा करत नाही, तो फक्त बाजूचे आवाज दाबतो, आणि तेही खालच्या पट्टीत कमीच. त्यामुळे पक्ष्याच्या जवळ जावे लागते, पण मिळणारा आवाज मूळ स्वराशी अधिक प्रामाणिक असतो.

जूनमधल्या एका पहाटे आंबोलीत ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गात होता. कुणी आपल्याच नादात शीळ घालत चालले आहे असे वाटावे, इतकी ती शीळ निवांत होती. मी डिश रोखली आणि शिळेबरोबर ओढ्याचा खळाळही तितकाच भरून आला, कारण पाणी नेमके पक्ष्याच्या मागे होते. त्यातच फांदीवरून गळणारा प्रत्येक थेंब डिशवर ‘टप्’ वाजे. दहा-बारा पावले बाजूला सरकून पक्ष्यामागे कातळ येईल अशी जागा घेतली, केसाळ आवरण घातलेला शॉटगन माइक लावला, तेव्हा कुठे दोन शिळांमधला विराम ऐकू आला. त्या विरामाशिवाय कस्तुराचे गाणे अपुरे आहे.

केवळ ओळख पटवायची असेल, तर मोबाइल पुरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’ ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आहे. तरीही भृंगराज कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, तेव्हा पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करू नये. पक्ष्यांच्या आवाजांच्या, २००५ पासून चालणाऱ्या ‘झेनो-कॅन्टो’ या ऑनलाइन संग्रहासाठी मुद्रण करायचे असेल, तर वेव्ह (WAV) या आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइल-स्वरूपात करावे आणि शेवटी ठिकाण व वेळ स्वतःच्या आवाजात नोंदवावी.

एकच उपकरण घेणे शक्य असेल आणि पावसाळी जंगलात हिंडायचे असेल, तर मी शॉटगन माइक सुचवीन. उन्हाळ्यात, मोकळ्या रानात, दूर शेंड्यावर गाणाऱ्या पक्ष्यासाठी डिशला तोड नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन मात्र दोन्हींसोबत हवेतच, कारण पक्ष्यामागे वाहते पाणी आहे हे डोळ्यांआधी तेच सांगतात.