प्रायश्चित्तकाळ: साऱ्या घराचा एक नेम की ज्याचा त्याचा?

ईस्टरआधीचा ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) राखेच्या बुधवारी सुरू होतो. तो जवळ आला की कॅथलिक घरात विषय निघतो, यंदा काय सोडायचं? मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी. साऱ्या घराने मिळून एकच नेम धरायचा, की प्रत्येकाने आपापला?

चर्चचा नियम दोन्हीकडे सारखाच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस. एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं, तेही दोन्ही मिळून एक जेवण होणार नाही इतकंच. हा उपवास १८ पूर्ण झालेल्यांना लागू होतो आणि साठावं वर्ष लागलं की सुटतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पूर्ण झाल्यावर लागतो. शुक्रवारी नेमकं काय पाळायचं ते आपल्या देशाच्या बिशपमंडळाने ठरवलेलं असतं. आजारी माणसाने आणि गरोदर बाईने जिवाला ताण देऊन उपवास करू नये.

आता एकत्र नेमाचं पाहू. लहान मुलं असलेल्या घराला हाच मानवतो. समजा, रात्री जेवताना सगळ्यांचे फोन बंद करून एका टोपलीत ठेवायचे ठरलं. आईबाबांचा फोनही त्याच टोपलीत पडतो, हे मूल रोज पाहतं. वयात न बसणाऱ्या मुलांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ कळावा, ही जबाबदारी चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने, म्हणजे कायद्याच्या ग्रंथाने, धर्मगुरूंबरोबर आईवडिलांवरही टाकली आहे, आणि ती अशी जेवणाच्या टेबलावरच पार पडते. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातल्या चौदा स्थानांवर थांबून केलेली प्रार्थना, हीही घरात करता येते. चौदाच्या चौदा स्थानं एका बैठकीत लहानग्यांना झेपत नाहीत. रोज एकच घ्यावं. चौथ्या स्थानावर येशूला त्याची आई भेटते, तिथे मुलं हमखास काहीतरी विचारतात. त्या दिवशी घाई करू नका.

एकत्र नेमात खोट कुठे? गोड सोडायचं ठरलं आणि ज्याला गोड आवडतच नाही, त्याने काय सोडलं? शिवाय घरात कुणीतरी पहारेकरी होतो, दुसऱ्याचं ताट तपासत बसतो. त्यात प्रार्थना राहत नाही.

वैयक्तिक नेम नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतो. एकाचा राग, एकाचा आळस, एकाची चहाड्या करायची सवय. राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं जे वाचन होतं, त्यात येशू दान, प्रार्थना आणि उपवास गुप्तपणे करायला सांगतो. त्याच्याशी हा मार्ग जास्त जुळतो. पण तो निसटतोही लवकर. कुणाला माहीतच नसेल तर दुसऱ्या आठवड्यात मोडलेला नेम तिसऱ्यात आठवतही नाही. म्हणून पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या चुका कबूल करायला, जाणं इथे फार महत्त्वाचं, तिथे स्वतःला पुन्हा विचारावंच लागतं.

माझं मत सांगतो. मुलं दहा-बारा वर्षांच्या आत असतील तर घराचा एकच नेम धरा, आणि तो छोटा असू द्या. मुलं मोठी झाली की घराचा नेम शुक्रवारपुरता ठेवा, बाकी ज्याचं त्याला निवडू द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर लादलेला त्याग त्याला चर्चपासून दूरच नेतो.

कुठलाही मार्ग घेतलात तरी वाचलेले पैसे आणि वेळ कुणासाठी, हे पहिल्या दिवशीच ठरवा. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं. दानाशिवाय सोडलेलं गोड हे नुसतं पथ्य होतं.

रविवारचंही आधी बोलून घ्या. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. स्वतः धरलेला नेम रविवारी सैल करायचा की नाही, हे मात्र आपल्यावर आहे. मुलांना त्या दिवशी मोकळीक द्यावी, मोठ्यांनी जमल्यास चालू ठेवावा.