छातीला जबर मार, पेशंट व्हेंटिलेटरवर: सक्शन ओपन की क्लोज्ड?

बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला मार बसलेल्या पेशंटला धड खोकता येत नाही. कफ आपल्यालाच नळीनं ओढून काढावा लागतो, तेच सक्शन. ओपन सक्शनला व्हेंटिलेटरची नळी सोडवावी लागते. तेवढ्यात पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसं उघडी ठेवणारा व्हेंटिलेटरचा दाब) जातो, कशीबशी उघडलेली फुप्फुसं मिटतात, मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) झरझर घसरतं. क्लोज्डमध्ये कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, प्लॅस्टिकच्या बाहीतच असतं, व्हेंटिलेटरची जोडणी तुटत नाही. पीप जास्त असेल तर मी क्लोज्डच वापरते. न्यूमोनिया मात्र त्यानं हमखास टळतो असं नाही. कफ फार चिकट असेल तर कधीकधी ओपननंच नीट निघतो. दोन्हीत आधी १०० टक्के ऑक्सिजन, सक्शन १५ सेकंदांच्या आत. आणि क्लोज्ड कॅथेटर त्याच्यावरची काळी खूण बाहीत दिसेपर्यंत मागे घ्याच. अर्धवट आत राहिलं तर श्वासाची वाटच अडते.