चाळीसगावचं केकी मूस कलादालन: स्केचबुक घेऊनच जा

दोन-तीन महिने ब्रश हातातच घेतला नव्हता, काही सुचतच नव्हतं, त्यात इन्स्टावर लाईक मोजून मोजून डोकं आऊट झालेलं. मग रविवारी धुळ्याहून ट्रेन पकडली आणि चाळीसगावला उतरलो, फोटोग्राफर केकी मूस साहेबांचा बंगला, म्हणजेच हे कलादालन, स्टेशनजवळच आहे.

आतले टेबलटॉप फोटो बघून मी उडालोच राव! टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, लाईट असा सोडायचा की फोटोत अख्खा निसर्ग उभा राहतो, आणि हे सगळं कॉम्प्युटर नसताना. माणूस १९८९ ला गेला, त्याआधी कित्येक वर्षं घराबाहेर जवळपास पडलाच नाही म्हणे. एकांत मला पण आवडतो पण एवढा नाही बुवा झेपणार, मला चार लोकांना चित्र दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

एका फोटोसमोर अर्धा तास बसून स्केच केलं, शेजारच्या काकूंनी वाकून बघितलं न म्हणाल्या "आमच्या नातवालाबी शिकव ना भाऊ". लाईकपेक्षा हे भारी वाटलं.

घाईत जाऊ नका, दोन तास तरी ठेवा. उन्हाळ्यात सकाळीच गाठा, आपल्या खान्देशातलं ऊन माहितीये ना. पाच स्टार.