लाल काटा आणि ४८,००० रुपये: परदेशी लॉ स्कूलच्या प्लॅनिंग पॅकेजचा वर्षभराचा अनुभव

पॅकेज रिन्यू करा म्हणून मेल आला: ४८,००० ऐवजी ४१,०००, फक्त या आठवड्यापुरते. म्हटलं, पैसे भरण्याआधी सगळं एकदा लिहून काढू. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय तत्त्वज्ञान, पुढे अमेरिकेत जेडी करायचं मनात आहे. जेडी म्हणजे तिथला कायद्याचा अभ्यासक्रम, पदवीनंतरचा, तीन वर्षांचा.

सगळ्यात आधी ते मीटर. अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चाक दिसतं. सेमिस्टरचे ग्रेड भरले की दहापैकीचे चारपैकी करून काटा दाखवतं. लेकीचे ७.६ भरले आणि काटा थेट लाल पट्ट्यात. खाली ओळ: 'तुमच्या टार्गेट स्कूलपेक्षा कमी.' पोरगी धड जेवेना. तत्त्वज्ञान सोडते, मार्क पडतील असा विषय घेते, म्हणू लागली.

मग मीच एलसॅकची, म्हणजे अमेरिकन लॉ स्कूलच्या प्रवेश अर्जांचं काम बघणाऱ्या संस्थेची, साइट वाचत बसले. आपल्या विद्यापीठाची गुणपत्रिका विद्यापीठाकडूनच थेट तिकडे जावी लागते. एलसॅक ती तपासते, पण पूर्ण पदवी भारतात केलेल्यांना आकड्यातला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, देतच नाही. 'उत्कृष्ट', 'सरासरीपेक्षा वर' असा शेरा देते. मूळ गुणपत्रिका लॉ स्कूलला दिसतेच, पण आमचा तो लाल आकडा कुठेच जात नाही! तो फक्त आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि जेवण बिघडवतो.

सपोर्टला लिहिलं. उत्तर: "मॅडम, ते इंडिकेटिव्ह आहे." कशाचं, म्हणून विचारलं, तर म्हणे जर्नीचं. निदान लपवण्याची सोय तरी द्या म्हटलं, तर तेही नाही. आमचे हे म्हणतात, वीजबिलावरून एवढं भांडली असतीस तर पैसे तरी परत आले असते.

विषयांच्या यादीतही तीच गत. राज्यशास्त्र सगळ्यात वर, तत्त्वज्ञान पार खाली. अमेरिकन बार असोसिएशन स्वतः सांगते की आम्ही कोणताही ठरावीक विषय सुचवत नाही. वाचन, लिखाण, युक्तिवाद घासून घेणारं काहीही चालेल. आणि बीए कुठल्याही विषयात झालं तरी इथला तीन वर्षांचा एलएलबी हातचा राहतो. लॉ कॉलेज मिरामारला आहे, मडगावला आहे. जेडी करून परत येऊन इथे वकिली करायची तर बार काउन्सिलची वेगळी परीक्षा द्यावी लागते, हे मात्र पॅकेजमध्ये कुठेच नाही. इंग्लंडला बारावीनंतर थेट एलएलबी करता येतो आणि बऱ्याच नामांकित ठिकाणी एलनॅट ही प्रवेश परीक्षा लागते, तेही एका ओळीत गुंडाळलंय.

एलसॅटच्या, म्हणजे अमेरिकन लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या, व्हिडिओंची गंमत वेगळीच. लॉजिक गेम्स हा तर्काच्या कोड्यांचा भाग ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेतून गेला, यांचे तासन्‌तास अजून तिथेच. एलसॅकच्या लॉहब या सरावाच्या साइटवर काही पूर्ण सराव परीक्षा फुकट मिळतात. लेक त्याच सोडवते.

इथवर लिहून एक तारा देणार होते. पण प्रवेश अर्जासोबतचा निबंध तपासणाऱ्या, पॅकेजमधल्या बाईंबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. स्वतः जेडी केलेल्या. लेकीचा पहिला खर्डा 'लहानपणापासून अन्यायाची चीड' छापाचा होता. त्यांनी तो अख्खा खोडला आणि विचारलं, तुझ्या घरात कायदा शेवटचा कधी आला होता?

आमच्या घरात तो आजोबांच्या भाटाच्या (बागायतीच्या) इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, आला होता. सही करायला काकांबरोबर काकूही कोर्टात, आत्याबरोबर तिचे यजमानही. कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. मृत्युपत्र करून मुलांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क डावलता येत नाही, मुलगा-मुलगी भेद नाही. बाईंना हे सगळं नवीन. एकेका ओळीवर प्रश्न: सुनेची सही का? अर्धाच का? २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याने नक्की काय बदललं? उत्तरं शोधायला लेक पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागली, काकांच्या वकिलांना भेटून आली. विषय बदलायची भाषा आपोआप थांबली. तत्त्वज्ञानाच्या तासाला मालमत्तेवरून वाद घालते म्हणे. मी मीटरवर जेवढी चिडले, तेवढीच या बाईंवर खूश आहे.

म्हणून कंपनीला विचारलं, फक्त निबंधवाचन देता का, तासावर पैसे देते. नाही म्हणाले, पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल, मीटरसकट. ४१,००० मध्ये एक काटा, जुने गेम्स आणि एक उत्तम बाई. नाही घेतलं.

कोणी घेणारच असेल तर पहिल्या फोनवरच विचारा की निबंध कोण वाचणार आणि महिन्यातून किती वेळा. आणि विद्यापीठातून गुणपत्रिका परदेशी थेट पाठवायची पद्धत काय, किती दिवस लागतात, हे तिसऱ्या वर्षाची वाट न बघता आत्ताच जाऊन विचारून या.