कच्च्या केळ्याचं पीठ: जरूर घ्या, पण ताकातून

रावेरकडची मैत्रीण हे पीठ पाठवायची, आता मी स्वतःच मागवते. अर्धा किलो १६० रुपयांना पडतं. रंग मळकट पांढरा, दळण बारीक, वासाला किंचित तुरट. वाटीभर ताकात चमचाभर पीठ, जिरेपूड, मीठ घालायचं, ढवळायचं आणि लगेच प्यायचं. ठेवलं तर तळाशी गाळ बसतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून मला या पिठाचं विशेष कौतुक. हिरव्या केळ्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथल्या जिवाणूंपैकीही फार थोड्यांना त्याचे घट्ट कण फोडता येतात. त्यात रुमिनोकॉकस ब्रोमी हा पट्टीचा. अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की तो सोबत असला की बाकीच्या जिवाणूंनाही हा स्टार्च वापरता येतो. तो फोडतो, पण सुटलेली सगळी साखर त्याच्या एकट्याच्या वाट्याला येत नाही, शेजारी उचलतात. बायफिडोबॅक्टेरिया हे जिवाणू लॅक्टेट आणि अ‍ॅसिटेट ही आम्लं बाहेर टाकतात, तेच तिसऱ्याचं अन्न. फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झीला हा स्टार्च फोडता येत नाही, पण शेजाऱ्यांचं अ‍ॅसिटेट घेऊन तो ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतो, आणि आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच! एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, अशी ही पंगत. ती प्रत्येकाच्या पोटात वेगळी असते, म्हणून तुमचा अनुभव माझ्यासारखाच असेल असं नाही.

सुरुवातीला पोट गुरगुरतं, गॅस होतो. जिवाणू स्टार्च आंबवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. काहींच्या आतड्यात मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर नावाचा सूक्ष्मजीव असतो, तो हा हायड्रोजन वापरून मिथेन करतो. अर्ध्या चमच्याने सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. मला आता त्रास होत नाही, सकाळी पोटही साफ होतं.

तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. पुढे ठळक अक्षरात ‘रेझिस्टंट स्टार्चने समृद्ध’ (म्हणजे लहान आतड्यात न पचणारा तोच स्टार्च) आणि मागे कृती कशाच्या, तर भाकरी, थालीपीठ आणि शिऱ्याच्या! पाण्यात कालवून सत्तरेक अंशांच्या पुढे तापवलं की या स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि तो नेहमीच्या पिठासारखा वरच, लहान आतड्यात पचतो. गार झाल्यावर थोडा परत घट्ट होतो, पण थोडाच. उपवासाला थालीपीठ खुशाल लावा, खमंग होतं. मोठ्या आतड्यापर्यंत मात्र त्यातलं फारसं काही पोचणार नाही. ज्या गुणासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात, तो तव्यावर जातो हे पाकिटावर लिहायलाच हवं. केळी किती तापमानाला सुकवली, तेही कुठे छापलेलं नाही. दोन्ही गोष्टी मी पीठ बनवणाऱ्यांना लिहून कळवल्या आहेत.

पिठाला पाच तारे, पाकिटाला दोन. ज्यांना आधीच पोटफुगीचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.